कपाला साबण लावू नये

४ सप्टेंबर

ती. मामास,

खारूचा साष्टांग नमस्कार. पाठ धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत, बाकीची मनातल्या मनात. वि. वि.

सोबतचं खोकं हलक्या हाताने उघड. आत सुट्या पानांच्या चहाची सहा पाकिटं आहेत. त्यांच्यावर मुद्दामच फक्त आकडे घातलेत. कुठल्या डोंगरावरचा, कुणाच्या मळ्यातला, यातलं अवाक्षर लिहिलेलं नाही. नाव कळलं की तू आधी मत बनवतोस आणि मग घोट घेतोस, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तुला सोडून.

आता खरी बातमी, आणि ती बसून वाच. मी चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली. इतकी वर्षं लोकांच्या काचा घासून दिल्या, आता स्वतःला काय दिसतंय ते बघावं म्हणते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो कुलूपवाला बसायचा ना, तो मुलाकडे राहायला गेला. त्याचा गाळा रिकामा आहे. अरुंद आहे, दोन जाड माणसं समोरासमोर आली तर एकाने श्वास आत ओढून धरावा लागेल. पण भिंतभर किल्ल्या टांगायचे आकडे तसेच आहेत, आणि मला तिथे चहाची मापं, गाळणी आणि डबे लटकलेले दिसायला लागलेत. गाळ्याचा मालक म्हणजे शेजारचा न्हावी. त्याला महिनाअखेर हो किंवा नाही सांगायचंय, कारण पलीकडच्या चपलावाल्याला रिकामी खोकी ठेवायला तीच जागा हवी आहे.

माझा बेत असा. दुकानात पाऊल ठेवेल त्याच्या हातात एक कप कोरा चहा द्यायचा, रोज तोच, आमच्या दुकानाचा म्हणून. तो आवडला तर माणूस पानं घेऊन जाईल, नाहीतर पुन्हा फिरकणार नाही. म्हणजे सगळं त्या एका चहावर आहे, आणि या सहांतला तो कुठला, ते मला ठरवायचंय. आईचं म्हणणं असं की ज्याच्या-त्याच्या घरी किटली असताना लोक तुझ्याकडे काय कप मोजायला येणार आहेत का. मैत्रिणींना सहाच्या सहा चहा छान वाटले. नवरा तर झोपेतही छान म्हणतो.

म्हणून तू. तू हयातभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बसून अख्ख्या शहराचं पाणी चाखलंस. शिवाय मी लहानपणी आईचं चित्र काढून दाखवलं तेव्हा हा घोडा आहे की पलंग, असं विचारणारा घरात तू एकटाच होतास. मला तसलंच मत हवंय. मामीला नमस्कार, आणि सोबतची कडक बिस्किटं तिच्याशी वाटून खा.

लोभ असावा, दूध नसावं.

तुझी
खारू

११ सप्टेंबर

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद आणि एक समज. ते चित्र पलंगाचंच होतं, ताईने उगाच स्वतःवर ओढून घेतलं.

खोकं पोचलं. नोकरी सोडल्याचं वाचून तुझी मामी हसली आणि मी हसलो नाही, यावरून आम्हा दोघांत जबाबदार कोण ते तुझं तू ठरव. बिस्किटं सगळी तिलाच दिली. मला हल्ली कडक पदार्थांत राम वाटत नाही.

चाखणं म्हणजे काय ते आधी समजून घे, म्हणजे पुढे वाद नको. मी मागच्या खोलीत बसतो, दार लावून. कचेरीतला माझा पांढरा कप निवृत्तीच्या दिवशी मी खिशात घालून आणला होता, तोच वापरतो. त्या कपाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही आणि साबण तर मुळीच लावायचा नाही, साबणाची चव चिनी मातीला चिकटते. साध्या पाण्याने विसळायचा, बस्स. तुझ्या मामीला त्या खोलीत झाडूसकट बंदी आहे. सकाळी उठलं की तोंडात दुसरं काही जायच्या आत दोन चहा, एकामागून एक. पानांवर उकळतं पाणी, वाळूचं घड्याळ उलटं, गाळलं की जोरात भुरका. भुरक्याचा आवाज शेजारी गेला नाही तर तो चाखणारा नव्हे, पाहुणा.

आता निकाल. पहिला चहा सुरेख. घोट उतरल्यावर शेवटी एक थंडाव्याची झाक येते, पहाटे खिडकी उघडल्यासारखी. दुसरा म्हणजे शाळेच्या बाकाखाली हात घातल्यावर बोटाला जे लागतं ते. तिसऱ्यात पुन्हा तो थंडावा आहे, फक्त अंगाने जरा किरकोळ. चौथा नळ महिनाभर बंद ठेवून उघडल्यावर पहिलं पाणी येतं त्या चवीचा. नोकरीत असतो तर मी त्या भागात पाणी उकळून प्यायची सूचना काढली असती. पाचवा मात्र राजा. थंडावा असा की नाक मोकळं झालं. सहावा भिजलेला पुठ्ठा.

दुकानात पाचवा ठेव. मी सांगितलं, विषय संपला.

लोभ आहेच, पण पुढच्या वेळी बिस्किटं मऊ पाठव.

तुझा
मामा

१५ सप्टेंबर

ती. मामास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. नळाच्या पाण्याशी आल्यावर तो इतका हसला की तोंडातला चहा माझ्या चाचणीच्या कपात परत आला, म्हणून तो कप बाद.

पण मामा, मला थंडावा सापडत नाही. पाचवा चहा मी तुझ्यासारखाच केला, दार लावून, भुरका मारून. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन नळ फुटलाय का म्हणून विचारलं, म्हणजे भुरक्यात कमी नव्हती. डोळे मिटून बघितलं. उभ्याने बघितलं. नवऱ्याने सुचवलं म्हणून खिडकी उघडूनही बघितलं, तर थंडावा आला, पण तो खिडकीतून. चहात मला फक्त उकडलेलं गवत लागतं, जरा तुरट, आणि घोट गेला की सगळं गेलं.

उलट तुझा तो नळाचा चौथा मला फार आवडलाय. आधी भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा लागतो, मग कुठूनतरी मधासारखं काहीतरी येतं, आणि घोट उतरल्यावर तोंड आणखी मागतं. काल मी तो चाखायला म्हणून केला आणि प्यायला म्हणून संपवला. तुला नक्की चौथाच म्हणायचं होतं ना? पाकिटांची अदलाबदल तर झाली नाही? एकदा पुन्हा बघशील का?

खरं सांगते, जराशी घाबरले आहे. जे तुला धडधडीत लागतं ते मला लागतच नसेल, तर मी लोकांना कुठल्या तोंडाने विकू? कुलूपवाल्याच्या भिंतीवरचे ते आकडे रोज येताजाता बघते. काल न्हाव्याने आरशातूनच हात केला, काय ठरलं म्हणून.

लोभ असावा. थंडावाही असावा, नसेल तर तो कुठे मिळतो ते कळवावं.

तुझी
खारू

२० सप्टेंबर

चि. खारूस,

अ. आ.

मामाच्या जिभेवर शंका घेण्याइतकी तू मोठी झालीस, हे बघून डोळे भरून आले. रागाने.

तुझ्या शब्दाखातर चौथा पुन्हा केला. आधी पाचवा घेतला, तुलनेसाठी, आणि त्यामागून लगेच चौथा. पाचव्यात थंडावा जागच्या जागी होता, उलट आणखी खुलला होता. चौथा पुन्हा गंजलेला नळ. शेंगदाणे आणि मध तुला कुठे मिळाले ते तुझं तुला माहीत. मी तुझ्या मामीला दाराबाहेरून विचारलं की उपाशीपोटी माणसाला असे भास होतात का, तर ती म्हणाली की भरल्यापोटीही होतात.

आता थोडं गंभीर लिहितो. जीभ कुणाला शिकवून येत नाही. आमच्या कचेरीत चांगली शिकलेली माणसं चाखायला बसली आणि आठवड्यात उठली, त्यांना पाणी म्हणजे पाणीच लागायचं. त्यात त्यांचा दोष नव्हता. तुझ्याकडे जीभ नसेल, आणि दोन पत्रांवरून मला तसंच वाटतंय, तर काचांकडे परत जाण्यात कमीपणा नाही. ज्याला स्वतःला कळत नाही त्याने लोकांच्या तोंडाशी खेळू नये. गोड बोलणारे तुझ्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून मी असा बोलतोय.

दुकान काढ न काढ, पाकिटं मात्र पाठवत जा. सकाळी उठून काही काम असलं की बरं वाटतं.

लोभ आहे, म्हणूनच एवढी शाई खर्च केली.

तुझा
मामा

२४ सप्टेंबर

ती. सौ. मामीस,

सा. न. वि. वि.

हे पत्र मामाला दाखवू नकोस. त्याने पाकीट पाहिलंच तर मी तुझ्याकडे विणकामाचा नमुना मागितला आहे असं सांग. त्याला त्यातलं काही कळत नाही आणि तसं तो कबूलही करणार नाही.

मामी, मी दुकान काढत नाही. रविवारी न्हाव्याला नाही सांगून टाकणार. मामा कडक बोलला त्याचं काही नाही, मी तेच मागितलं होतं. पण गेला आठवडाभर मी रोज पाचवा चहा पितेय आणि रोज मला गवत लागतंय. आता तर चौथ्याबद्दलही खात्री वाटेना. आधी लागलेला मध खरा होता की मला तो हवा होता म्हणून लागला, कोण सांगणार? नवऱ्याला विचारलं तर तो छान म्हणाला. मी त्याला चमचा फेकून मारला. लागला नाही, त्यातही माझा नेम चुकला.

रडू आलं, ते गाळ्यासाठी नाही. गाळे काय, दुसरे मिळतील. घरात एक माणूस असा होता की ज्याचा शब्द मी डोळे झाकून धरत आले, आणि त्यानेच सांगितलं की तुला जमणार नाही. आता तो खोटा असावा असं मला वाटतंय, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटते.

तुला एकच विनंती. रविवारच्या आत पाचवा एकदा तू चाखून बघ आणि थंडावा लागतो का ते कळव. लागत असेल तर मी निमूटपणे काचा घासायला जाईन.

लोभ असू दे, मला सध्या गरज आहे.

तुझी
खारू

२६ सप्टेंबर

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. रडणं थांबव आणि नाक पूस, पुढे वाचताना पुन्हा पुसावं लागेल.

मी चाखणारी नव्हे, पिणारी. तरी तू म्हणालीस म्हणून पाचवा स्वयंपाकघरातल्या कपात केला. गवत. तुझं गवत अगदी बरोबर आहे, मी तर म्हणेन शिळं गवत. मग चौथा केला आणि दोन कप प्यायले. म्हटलं, आता एकच गोष्ट वेगळी राहिली, ती म्हणजे तुझ्या मामांचा तो कप.

ते दुपारी बाहेरच्या खोलीत तोंडावर वर्तमानपत्र टाकून झोपतात. हल्लीच ही सवय लागली आहे. मी बंदी मोडून मागच्या खोलीत गेले. कप खिडकीत होता. कपात पाणी होतं. पाण्यात तुझ्या मामांचे दात होते, वरचे सगळे.

नाक पुसून झालं असेल तर पुढे वाच. त्यांनी उन्हाळ्यात कवळी बसवून घेतली आहे. मित्राकडे राहायला जातो म्हणून गेले आणि एकदम सरळ दात घेऊन परत आले. मला कळलं आहे हे त्यांना माहीत नाही. इतकी वर्षं ज्या माणसाचं घोरणं ऐकलं, त्याचा सूर बदलला तर बायकोला कळत नाही का? ते रात्री दात ठेवतात कुठे, तेवढंच मला सापडत नव्हतं, आणि विचारायचं म्हणजे माहीत असल्याचं कबूल करणं आलं. आता सापडलं. या घरात ज्या एका भांड्याला कुणी हात लावायचा नाही, त्याच भांड्यात. पडद्यामागे दात स्वच्छ करायच्या गोळ्यांची डबी आहे. पाण्यात टाकली की फसफसते, आणि वास सणसणीत पुदिन्याचा.

मी दात बशीत काढून ठेवले, कप ते विसळतात तसा नुसत्या पाण्याने विसळला आणि त्यात चौथा चहा केला. तोंड वाकडं करू नकोस, संसारात याहून वाईट प्यायले आहे. चौथ्यालाही थंडावा आला बघ. पहाटे खिडकी उघडल्यासारखाच. मागून तोच चहा स्वयंपाकघरातल्या कपात घेतला, तर तोंडात तो पुदिना होताच, आणि चहा गंजलेला लागला.

म्हणजे रात्रभर कपात दात, सकाळी त्यात पहिला चहा, तो थंडगार. दुसऱ्याच्या वेळेला कप धुऊन निघालेला असतो आणि जीभ पुदिन्याने बिघडलेली, म्हणून तो वाईट. त्यांचं पत्र काढून बघ, पहिला, तिसरा, पाचवा चांगले आणि दुसरा, चौथा, सहावा टाकाऊ. चहाचा त्यात काही संबंध नव्हता.

नंतर मी कपाला साबण लावला. दोनदा. लखलखीत करून खिडकीत ठेवला आणि दात त्याच्या शेजारी बशीत तसेच राहू दिले. तोंडाने काही बोलणार नाही. शहराचं पाणी तपासलेला माणूस आहे, एवढं समजेल.

तू रविवारी न्हाव्याकडे जा आणि हो म्हण. तुझी जीभ उत्तम आहे, फक्त मामांवर फार विसंबून राहिलीस. मीही राहते, पण चव सोडून इतर गोष्टींत.

लोभ आहे. नमुन्याचं निमित्त केलंस तर आता खरंच काहीतरी विणून पाठव.

तुझी
मामी

२७ सप्टेंबर

चि. खारूस,

आशीर्वाद. हे पत्र दात न लावता लिहितो आहे. लिहायला ते लागत नाहीत.

काल दुपारी उठलो तर कप चकाकत होता आणि दात बशीत, पाहुण्यांना फराळ मांडावा तसे. तुझी मामी दारात बसून मटार सोलत होती. मी विचारलं की कपाला साबण कुणी लावला. ती म्हणाली की लावला कुणीतरी, आणि संध्याकाळच्या भाजीत मटार मऊ शिजवू की नेहमीसारखे. एवढंच. मी म्हटलं, मऊ. लग्नानंतर एवढं मोठं भांडण आमच्यात प्रथमच झालं.

आज सकाळी सहाही चहा पुन्हा केले, स्वयंपाकघरात, दार उघडं ठेवून. तुझी मामी समोर होती आणि दात टेबलावर होते, दोघंही माझ्याकडे बघत होते. थंडावा एकातही नाही. पाचवा गवत. पहिला बरा. चौथा घेतला आणि मी कप खाली ठेवलाच नाही. शेंगदाणे, मग मध, आणि नंतर तोंड आणखी मागतं. तू लिहिलं होतंस त्यात एक शब्द बदलायला जागा नाही. खारू, माझ्या सगळ्या नोकरीत असा अहवाल मला लिहिता आला नाही.

तुला जीभ नाही असं मी लिहिलं आणि तू ते खरं धरलंस, हे मला आज सकाळी शेवटी मामीकडून कळलं. मला त्याचं फार वाईट वाटतंय. दुसऱ्या कुणाला असं लिहिलं असतं तर त्याने मला शिव्या घालून दुकान उघडलं असतं.

दात लपवले ते कशासाठी, तेही सांगतो. आमच्या कचेरीत कवळी आली की चाखणाऱ्याला टेबलावरून उठवत. टाळू झाकली की चव गेली, अशी समजूत. दात गेले त्याचं मला काही नव्हतं, ते तसेही उपद्रवीच होते. मला भीती ही होती की तुला कळलं तर तू म्हणशील, मामाचं आता झालं, आणि पाकिटं दुसऱ्या कुणाला पाठवशील. सकाळी उठायला दुसरं कारण मला सध्या नाही.

न्हाव्याला नाही सांगितलं असशील तर परत जा. मामा मूर्ख आहे असं सांग, त्याला पटेल, त्याने माझे केस कापलेले आहेत.

लोभ आहे. तो कुठल्या कपात भिजत ठेवावा लागत नाही.

तुझा
मामा

१२ ऑक्टोबर

ती. मामास,

साष्टांग नमस्कार, या खेपेला आठही अंगं टेकून. पाठ बरी आहे.

मामीचं पत्र पोस्टमनने शनिवारी चुकून खालच्या बाईंकडे टाकलं, ते अगदी रविवारी सकाळी हातात पडलं. ते वाचून मी जिन्यातच बसले आणि इतकी हसले की खालच्या बाई पुन्हा नळाची चौकशी करायला आल्या. मग धावत न्हाव्याकडे. खुर्चीत नेमका चपलावाला होता, अर्ध्या गालाला साबण. मी उंबऱ्यावरूनच हो म्हणून ओरडले. न्हाव्याचा वस्तरा जागच्या जागी थांबला म्हणून बरं. चपलावाल्याला उरलेली दाढी होईपर्यंत निषेध करता आला नाही.

परवा दुकान उघडलं. आकड्यांवर मापं टांगली आहेत आणि दारातून आत आल्या-आल्या हातात चौथा. काही लोक कप रिकामा करून निघून गेले. काही थांबले. एका गवंड्याने भुरका मारला, डोळे मिटले, आणि आणखी मागितला. पानं त्याने घेतली नाहीत, पण काल बायकोला घेऊन आला आणि तिने घेतली.

आई सगळ्यांत आधी आली होती. तुझ्या पहिल्या पत्रातलं मी तिला सांगितलं होतं, पुढचं सांगायचं राहून गेलं. तिने एक घोट घेतला, छताकडे बघितलं आणि दुकानभर ऐकू जाईल असं जाहीर केलं की शेवटी एक सुंदर थंडावा येतो. मी तिचा कप पुन्हा भरला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

सोबत नवीन खोकं पाठवते आहे. पाकिटांवर आकडेच आहेत, सातपासून पुढे. दोन कपही आहेत. छोटा पांढरा चहाचा, त्याला रोज साबण लावायचा. मोठा निळा दातांचा. तो जास्त देखणा आहे, कारण तो खिडकीत उघड्यावर राहणार आहे. बिस्किटं मऊ आहेत. मामीसाठी मफलर आहे, तो मीच विणलाय, त्यामुळे तिने तो बघून हा घोडा आहे की पलंग असं विचारलं तरी चालेल.

आणि मामा, एक ऐक. पाकिटं थांबणार नाहीत. खालचे दात गेले तरी नाहीत, आणि उद्या खरोखरच तुझी चव गेली तरीही नाहीत. तेव्हा तू नुसती पानं हुंगायचीस आणि शिव्या लिहून पाठवायच्यास. आठवा चहा मला भिजलेल्या बुटासारखा लागतोय. तुला काय लागतं ते कळव. माझ्याशी जुळलं नाही तर मी ऐकणार नाही, पण वाट बघतेय.

लोभ असावा, थंडावा नसला तरी चालेल.

तुझी
खारू